दोरा बांधलेल्या बाटल्या

८ जानेवारी

प्रिय पिटू,

बसली आहेस ना? नसशील तर आधी बस. तुझ्या ताईने काल घरी गरम वाइन केली. हो, मीच. जिच्या शेगडीवर आजवर चहाशिवाय दुसरं काही धड उकळलेलं नाही, ती मी. आणि आलेल्या माणसांनी ती कपात थेंब न ठेवता प्यायली. मी अजून थक्क आहे, म्हणून तर फोन न करता लिहितेय. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

त्याचं असं झालं. आमच्याकडे नवे साहेब आलेत. परवा चाखण्याच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, कंपनीचा एकेक चहा तुमच्या जिभेवरून पुढे जातो, पण तुमच्या घरचं काही चाखायचं भाग्य आमच्या नशिबी नाही." मला कोणी असं डिवचलं की मी पेटते. म्हटलं, रविवारी या, आणि चहा मिळणार नाही, तो ऑफिसात पिता तेवढा पुरे. बाहेर थंडी अशी की नळाखाली हात धरवत नाही. तुझ्या वाइनच्या कारखान्यातून तू ड्रायव्हरबरोबर पाठवलेल्या पाच बाटल्या कपाटात होत्याच. त्यातल्या तीन बाटल्यांच्या गळ्याला तू पांढरा दोरा बांधला होतास. खास माल म्हणून खूण केली असणार, हे मी लगेच ओळखलं. त्याच तिन्ही फोडल्या.

कृती ऐक. संत्र्याची साल पातळ काढली, आतला पांढरा कडू भाग येऊ न देता. एका संत्र्यात लवंगा टोचल्या. दालचिनी, चक्रीफूल, आल्याचे दोन काप आणि साखर, हे सगळं आधी थोड्याशाच वाइनमध्ये शिजवून पाक केला आणि मग उरलेली ओतली. गॅस अगदी बारीक. उकळी फुटू द्यायची नाही, नुसती वाफ धरायला हवी. पातेल्यावर वाकलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, इतका मसाला उतरला होता. चमचाभर घेऊन पाहिली तर घशाला जरा झोंबली. लवंग बोलतेय, म्हटलं. जमली!

आले कोण, तर साहेब, माझ्या हाताखालचा लंबू, गोदामाच्या मावशी, आणि सगळ्यांत उशिरा अबोली. अबोली म्हणजे आमची नवी चाखणारी. हे नाव मीच ठेवलं, कारण पोरगी दिवसभरात चार शब्द बोलली तर पाऊस पडेल. तिचे दारात बूट काढून व्हायचे होते तोवर माझे कप भरून झालेसुद्धा.

साहेबांनी पहिला घोट घेतला आणि थबकले. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वा." एवढंच! मग त्यांनी लंबूकडे बघितलं, लंबूने मावशींकडे, आणि तिघंही आपापल्या कपात असे बघत बसले की जणू आत प्रश्नपत्रिका आहे. लंबूने एका दमात कप रिकामा केला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. अबोली तर कप हातात धरून माझ्याकडे टक लावून उभीच राहिली, ओठ थरथरत होते तिचे, मग तिनेही गटागटा संपवला. दुसरा कप मात्र कोणीच मागितला नाही. पोट भरलं म्हणे. जाताना साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, हा अनुभव मी जन्मात विसरणार नाही."

आता बोल! अशी वाइन अजून असेल तर पाठव. दोरावालीच पाठव.

तुझी ताई


११ जानेवारी

ताई,

प्रिय वगैरे नंतर. आधी मला सांग, ती माणसं जिवंत आहेत ना?

अगं बाई, दोरा बांधलेल्या बाटल्यांत व्हिनेगर होतं! व्हिनेगर! आमचं एक पिंप आंबलं, त्याचं केलेलं, जहाल. तुमच्या ऑफिसातल्या किटल्यांना आत क्षार धरतो, घासून घासून हात दुखले असं तूच रडत होतीस, म्हणून त्या किटल्या साफ करायला पाठवलं होतं. ड्रायव्हरला दहा वेळा बजावलं होतं, दोरावाल्या प्यायच्या नाहीत म्हणून सांग. तो मेला विसरला असणार. वाइन होती बिनदोऱ्याच्या दोन बाटल्यांत, आणि त्या तुझ्या कपाटात तशाच बसल्यात. तू तुझ्या साहेबांना किटली धुवायचं पाणी साखर घालून गरमागरम पाजलंस, आणि वर लवंगा टोचून!

मी तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'वा' पर्यंत आले आणि हे हसून हसून खुर्चीतून खाली. मीही पोट धरून हसले. मग हे एकदम उठून बसले आणि म्हणाले, "पण ताईंना वास कसा नाही आला?"

तेव्हापासून मला हसू येत नाहीये.

ताई, ते झाकण उघडलं तर आमच्या बाटल्या भरायच्या खोलीतली बायकामाणसं पदराने नाक दाबून बाहेर पळतात. तू ते गरम केलंस. त्यावर वाकलीस. डोळ्यांतलं पाणी मसाल्याचं नव्हतं गं! लहानपणी मी उंबऱ्यात पाय ठेवला की कुणाकडे काय खाऊन आले ते तू आतल्या खोलीतून सांगायचीस आणि मला मार बसायचा. ती तू. आणि चमचाभर चाखूनसुद्धा तुला कळलं नाही? आंबटसुद्धा लागलं नाही?

आणि ती चार माणसं! नाक-जीभ यांच्यावर पोट भरणारी माणसं ती. ती का प्यायली? एकाच्याही तोंडातून शब्द का फुटला नाही? माझं डोकं चालत नाही. लगेच लिही.

पिटू


१५ जानेवारी

प्रिय पिटू,

सर्दी झाली होती. नाक चोंदलं होतं. झालं, विषय संपला. आता त्यावरून पुराण लावू नकोस.

ती का प्यायली ते मात्र मला कळलंय, आणि ऐकशील तर तुझीही वाचा बसेल. आमच्याकडची एक पद्धत तुला ठाऊक नाही. चाखायला कप रांगेत मांडतो ना, त्यात आठवड्यातून एखाद्या दिवशी मी मुद्दाम एक बिघडलेला कप घुसडते. कुबट, धुरकट, काहीतरी. त्याला आम्ही चोरकप म्हणतो. एखाद्याला तो ओळखता आला नाही तर मी शिकवते. पण ओळखून जो गप्प बसला, वरिष्ठ काय म्हणतात ते बघून ज्याने मान डोलावली, त्याची माझ्याकडून खैर नसते. चाखणाऱ्याने एकदा भिडेपोटी खोटं सांगितलं की तो संपला, हे मी सगळ्यांच्या डोक्यात कोरून कोरून भरलंय.

तर साहेबांपासून सगळ्यांना वाटलं की तो चोरकप होता! मी घरी बोलावून परीक्षा घेतली! सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. मी म्हटलं, गेली माझी नोकरी. तर हे हात जोडून उभे. "मानलं बाई तुम्हाला. नव्या साहेबालाही सोडलं नाहीत. मी 'वा' म्हणालो आणि सगळ्यांना बुडवलं. मी नापास." लंबू दिवसभर माझी नजर चुकवत होता. मावशींनी तर माफी मागितली. मी काय करणार? गूढ हसले. आता ऑफिसात माझा दरारा विचारू नकोस.

पण अबोलीने राजीनामा दिलाय.

मला धक्काच बसला. शांतपणे येऊन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला वास दारातच आला होता, बाई. मी वेळेवर बोलले नाही. मला या खोलीत बसायचा हक्क नाही." मी म्हटलं, अगं, सगळेच गप्प बसले. तर म्हणाली, "सगळ्यांचं वेगळं." महिनाअखेरीस जाणार. घरी आजारी आई आहे, कमावणारी ही एकटीच. आणि पिटू, नाक म्हणशील तर अशी पोरगी माझ्या हाताखाली कधी आली नव्हती.

समजूत काढतेय. ऐकेल.

ताई


१८ जानेवारी

ताई,

सर्दीने नाक जातं. जिभेवरचा आंबटपणा जात नाही. मी तुझ्याएवढी शिकलेली नसेन, पण रोज व्हिनेगरच्या वासात उभी असते, मला शिकवू नकोस.

आणि हे बघ, मी तुझ्या शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना फोन केला. रागाव हवं तर. ते म्हणाले, ताईंच्या घरून मध्ये दूध करपल्याचा वास येत होता, मी दार ठोठावलं तेव्हा त्या पातेल्याशेजारीच पेपर वाचत बसल्या होत्या.

कधीपासून, ताई?

मला खरं सांग. मी तुझी बहीण आहे, तुझे साहेब नाही. नाकाचं दिवाळं निघालं असेल तर निघालं, मला कळू दे तरी. आणि दुसरं. ती पोरगी नापास झाले म्हणून नोकरी सोडतेय, आणि परीक्षा तर झालीच नाही! तू गूढ हसतेस, तुझा दरारा वाढतो, आणि तिच्या आईचं औषध बंद होतं. हे तुला झेपतंय? तू अशी नाहीस गं. माझी ताई अशी नाही.

पिटू


२२ जानेवारी

पिटू,

त्या तापापासून. थंडी सुरू होताना ताप येऊन गेला ना, मी तुला फोनवर म्हटलं होतं, साधाच आहे. उठले तर नाकही नाही आणि जीभही नाही. गरम कळतं, गार कळतं, तिखट झोंबलेलं कळतं, चहा तोंडात किती खरखरतो ते कळतं. बाकी सगळं पाणी. पहिल्या दिवशी मी साबण हुंगला, अत्तर हुंगलं, चपला हुंगल्या, पिटू. नंतर न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार. मी म्हटलं, तोवर निभावून नेऊ. पानांचा रंग बघून, उतरलेल्या चहाचा रंग बघून, आयुष्यभराचा अंदाज आहे, त्यावर निम्मं भागतं. आणि उरलेलं कशावर भागवलं ते सांगायला लाज वाटते. अबोलीच्या तोंडाकडे बघून.

आमच्याकडे नियम आहे, चाखताना चेहरा कोरा पाहिजे. एकाच्या तोंडावरून दुसऱ्याचं मत बनता कामा नये. लंबूला तो जमतो. अबोलीला मेलीला जमत नाही. कप कुबट असला की तिचं नाक उडतं, धूर लागला असेल तर डावी भुवई वर जाते, माल उत्तम असेल तर खालचा ओठ जरासा आत घेते. मी तिच्यानंतर कप उचलते, चमच्याने सुर्रकन ओढते, थुंकते, आणि तिच्या तोंडावर लिहिलेलं मत माझं म्हणून सांगते. इतक्या दिवसांत कोणाला संशय आला नाही. मी एका पोरीच्या नाकावर नोकरी करतेय, आणि तिला त्याचा पत्ता नाही.

आता तीच निघालीय. म्हणजे तिला थांबवण्यात माझा स्वार्थ किती आणि माया किती, हे माझं मलाच सांगता येत नाही. खरं सांगितलं तर ती थांबेल, आणि मी उरणार नाही. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, घर म्हणजे झोपायची जागा. मी म्हणजे माझं नाक, पिटू. त्या खोलीबाहेर मला कोण ओळखतं?

मला जमणार नाही. तू मला वाईट म्हण.

ताई


२४ जानेवारी

ताई,

वाईट नाही म्हणणार. दोनदा रडले, एकदा तुझ्यासाठी आणि एकदा रागाने.

मी ओळखते तुला. डोळे बांधून, कान बांधून, नाक नसताना ओळखते. आता बास झालं. चोरकप ओळखून जो गप्प बसतो तो संपला, हे तूच त्यांच्या डोक्यात कोरलंस ना? मग उद्या जा आणि बोल. पोरगी जायच्या आत बोल. नाही जमलं तर मी पहिल्या गाडीने येते आणि तुझ्या शेजारी उभी राहून मी बोलते. मग बस बोंबलत.

आणि तोवर गॅसला हात लावू नकोस. तुला माझी शपथ.

पिटू


३१ जानेवारी

प्रिय पिटू,

बोलले.

आधी निकाल सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. साहेबांनी मला काढलं नाही. चाखण्याच्या रांगेतून मात्र बाजूला केलं, आणि ते योग्यच आहे. शिकवायचं काम ठेवलंय, मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. ताप आल्यापासून मी पास केलेल्या सगळ्या मालाचे राखून ठेवलेले नमुने काढून लंबूने आणि अबोलीने पुन्हा चाखले. साहेब तेव्हा चांगलेच तडकले होते, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एकच माल खराब निघाला, अबोली रजेवर होती त्या दिवसाचा. तो बाजारातून परत बोलावलाय. त्याबद्दल मी मान खाली घालून क्षमा मागितली.

आता जे सांगायला बसलेय ते.

मी सकाळी कपात पाणी ओतायच्या आधी सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, त्या रविवारी माझ्या घरी परीक्षा वगैरे काही नव्हती. मला व्हिनेगरचा वास आला नाही, चव लागली नाही, आणि तापानंतर कशाचीच लागत नाही. साहेब मटकन स्टुलावर बसले. मावशी तोंडाला हात लावून उभ्या. मी अबोलीकडे वळले आणि म्हटलं, "तुझा राजीनामा परत घे. तू कसली नापास होतेस? उलट इतके दिवस मी तुझ्याच चेहऱ्यावर जगले. बरं झालं बाई, तुला चेहरा कोरा ठेवता येत नाही ते."

लंबू एकदम म्हणाला, "कोणाला, हिला?"

मी म्हटलं, हो, हिलाच.

"बाई, हिचा चेहरा म्हणजे दगड आहे! डब्यात झुरळ निघालं होतं हिच्या, पापणी हलली नाही. तुम्ही खोलीत नसता तेव्हा आम्ही पैज लावतो हिला हसवायची. अजून कोणी जिंकलेलं नाही."

मला काही समजेना. मी अबोलीकडे बघितलं. ती मान खाली घालून ॲप्रनची गाठ सोडत होती, बांधत होती. साहेब म्हणाले, "बोल, मुली." आणि ती बोलली. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"बाई तापातून परत आल्या त्याच दिवशी मला कळलं. त्यांनी कुबट चहाचा डबा उघडला, आणि चांगल्या चहाचा उघडला, आणि दोन्ही सारखेच हुंगले. मला भीती वाटली. पुढचा कप खराब होता. काय करावं सुचेना, म्हणून मी नाक मुरडलं. बाईंनी बघितलं. मग रोजच."

पिटू, रोज! ती भुवई, तो आत घेतलेला ओठ, सगळं ती माझ्यासाठी करत होती, आणि मी समजत होते की मी चोरून बघतेय.

मी कसंबसं विचारलं, "मग नोकरी का सोडत होतीस गं?"

"त्या रविवारी मी उशिरा आले," ती म्हणाली. "दारात बूट काढतानाच वास आला. धावत आत आले तर साहेबांचा घोट घेऊन झाला होता. सगळ्यांसमोर तुमचं हसं होणार होतं, माझ्या उशिरामुळे. मला वाटलं, घरी तरी तुम्हाला माझी गरज लागणार नाही. म्हणून मी निवांत आले, बाई."

मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन. ती थांबतेय. माझ्या खुर्चीवर आता तिला बसवलंय, आईलाही बरं आहे.

पण मला झोप नाही. मी तिच्या तोंडाकडे बघते असा लंबूला संशय येऊ नये म्हणून मागे एकदा मी तिला रांगेत सगळ्यांसमोर फाडफाड बोलले होते. चेहऱ्यावर काही आणायचं नाही हे किती वेळा सांगायचं, अक्कल गहाण ठेवलीस का, असं काय वाट्टेल ते. लंबू आता सांगतो, मी कशाबद्दल बोलतेय ते तेव्हा त्यांना कळलंच नव्हतं, कारण नाक मुरडायची ती फक्त माझ्याकडे वळून. ती "चुकलं, बाई" म्हणाली. आणि पुढचाच कप तोंडाला लावून तिने माझ्याकडे बघत पुन्हा नाक मुरडलं.

तुझी ताई